मदत हवी आहे: नवा स्टिरिओ बसवला, मागच्या कॅमेऱ्यात रेघा येतात आणि तिसऱ्या दिवशी बॅटरी उतरते

नमस्कार मंडळी,

लांबच्या भटकंतीसाठी गाडी तयार करतेय. तेरा वर्षं जुनी डिझेल फोर बाय फोर, एकच बॅटरी, १२ व्होल्ट, ७५ अ‍ॅम्पिअर-तासांची. मागची सीट काढून तिथे ड्रॉवर, फ्रिज आणि पाण्याची टाकी बसवलीय. त्यामुळे आतल्या आरशात फ्रिजच्या झाकणाशिवाय काही दिसत नाही. वायरिंग सगळं मीच केलंय, तेव्हा चूक असेल तर ती माझीच आहे. बिनधास्त सांगा.

झालं असं की, गेल्या मोठ्या फेरीत मूळ स्टिरिओ अचानक गेला. दिवा नाही, आवाज नाही. (त्या दिवशी सगळंच बिनसलेलं होतं. टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर डॅशवरच्या सॉकेटला लावला तर सॉकेटही गेलं.) परत आल्यावर सॉकेटला बॅटरीपासून थेट नवी वायर ओढली, फ्यूज टाकून. चावी नसतानाही तिथे करंट हवाच होता. आणि स्टिरिओला म्हटलं, झालं तुझं वय.

नवा घेतला तो अँड्रॉइडवाला, डबल डिन, म्हणजे १८० बाय १०० मिलिमीटरच्या त्याच गाळ्यात बसणारा. गाणी हे निमित्त, खरी गरज कॅमेऱ्यांची. चढाच्या माथ्यावर गाडी पोचते तेव्हा बॉनेटच्या पलीकडे नुसतं आभाळ दिसतं. मग नवरा खाली उतरून हातवारे करतो. त्याचं 'डावीकडे' म्हणजे त्याचं डावं की माझं, यावर आमची दर वेळी जुंपते. एकदा त्या नादात साइड स्टेप दगडावर टेकली. तेव्हा ठरवलं, पुढे एक, मागे एक आणि दोन्ही आरशांखाली एकेक कॅमेरा बसवायचा.

पुढचा आणि मागचा बसवून झालाय. दोन्ही एएचडी (केबलवरून एचडी चित्र पाठवणारा फॉरमॅट), ७२०पी. मागची वायर डिकीच्या दारातल्या रबरी नळीतून न्यायला अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी सायकलची स्पोक वाकवून, वायरला साबण चोळून ओढली. मागचा कॅमेरा सतत चालू हवा होता, म्हणून त्याचा प्लस फ्रिजच्या वायरीवर जोडला आणि मायनस डिकीच्या पत्र्यात स्क्रू मारून दिला.

आता तक्रारी. इंजिन बंद असताना मागचं चित्र स्वच्छ. इंजिन चालू केलं की आडव्या रेघा वर सरकायला लागतात. ॲक्सिलरेटर दिला की वेग वाढतो, फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला तर चित्र क्षणभर काळंच होतं. दुसरं, गाडी तीन दिवस उभी राहिली की स्टार्टर नुसता टकटक करतो. फ्रिज रिकामा होता, प्लगही काढलेला होता. स्टिरिओची स्क्रीन चावी काढल्यावर आपोआप बंद होत नाही, पण मी न विसरता बटण दाबून काळी करते, म्हणजे ते कारण नसावं. पुढच्या कॅमेऱ्यात डावं-उजवं उलटं दिसतं आणि एफएम आता शहराबाहेर पडलं की खरखरतं, हे किरकोळ.

आणि बाजूचे दोन कॅमेरे कुठे जोडायचे? स्टिरिओला व्हिडिओ इनपुट दोनच आहेत.

प्रतिसाद १

चावी काढल्यावर स्क्रीन चालू राहते आणि ते कारण नसावं म्हणता? तेच कारण आहे. बटणाने फक्त पडदा काळा होतो, आतला संगणक जागाच राहतो. स्टिरिओची लाल तार, चावीबरोबर चालू-बंद व्हायची ती, कुठून घेतलीत?

धागाकर्ती

अ‍ॅडॅप्टरमधल्या लाल तारेच्या पिनवर चावी फिरवूनही व्होल्टेज येत नव्हता. मग सॉकेटच्या मागून घेतली, जवळच होतं म्हणून.

लिहितानाच ट्यूब पेटली. सॉकेट तर मी कायम चालू केलंय.

प्रतिसाद २

कॅमेरे कशाला लागतात? आम्ही उतरून, पायी चालून बघून येतो.

प्रतिसाद ३

बरोबर ओळखलंत. पिवळी तार कायम १२ व्होल्टवर, ती घड्याळ आणि सेटिंग जपण्यापुरती. लाल तार चावीबरोबर चालू-बंद व्हायला हवी, तिच्यावरूनच स्टिरिओला झोपायचं कधी ते कळतं. तुमच्याकडे दोन्ही कायमच्या, म्हणून तो कधी झोपलाच नाही. काही गाड्यांत कंपनीच्याच कनेक्टरमध्ये या दोन पिना उलट्या असतात, मग दर वेळी घड्याळ शून्यावर येतं. तो प्रकार तुमच्याकडे नाही.

पण अंदाजावर थांबू नका, मोजा. बॅटरीचा मायनस काढा, मल्टीमीटर १० अ‍ॅम्पिअरच्या रेंजवर ठेवून केबल आणि टर्मिनलच्या मध्ये लावा. दाराचं कुलूप स्क्रू ड्रायव्हरने मिटवून ठेवा म्हणजे आतला दिवा लागणार नाही. मीटर लागलेला असताना चावीला हात लावू नका, नाहीतर मीटरचा फ्यूज जाईल. अर्धा तास थांबा आणि मग आकडा बघा. ५० मिलिअ‍ॅम्पिअरच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्यावर आकडा कोसळेल तो चोर.

आता रेघा. कॅमेऱ्याचा मायनस डिकीच्या पत्र्यात आहे, म्हणजे करंट बिजागऱ्या, रंग, गंज असं सगळं ओलांडून बॅटरीकडे परततो. त्याच वेळी व्हिडिओ केबलची बाहेरची जाळी स्टिरिओच्या अर्थला, म्हणजे मायनसच्या जोडणीला, जोडलेली आहे. एका उपकरणाला दोन अर्थ, दोघांच्या व्होल्टेजमध्ये किंचित फरक, आणि अल्टरनेटरची (इंजिनवर चालून बॅटरी भरतो तो) सगळी गुणगुण त्या जाळीतून चित्रात शिरते. ॲक्सिलरेटरबरोबर रेघांचा वेग वाढतो, ही त्याचीच खूण. त्यात प्लस घेतलाय फ्रिजच्या वायरीवरून. कॉम्प्रेसर सुरू होताना तिथला व्होल्टेज दचकन खाली येतो.

खात्री करायची तर कॅमेऱ्याची प्लस-मायनस दोन्ही टोकं सोडवून एखाद्या सुट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावा, अलार्मची छोटी बॅटरीही चालेल. इंजिन चालू करा. रेघा गेल्या तर कॅमेरा निर्दोष. मग प्लस आणि मायनस दोन्ही वायरी पुढे आणा. मायनस जिथे स्टिरिओचा अर्थ आहे त्याच बोल्टवर, रंग खरवडून, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) क्रिंप करून, म्हणजे दाबून बसवून.

एक गोष्ट विचारली नाहीत तरी सांगतो. फ्रिजच्या वायरीचा फ्यूज १५ किंवा २० अ‍ॅम्पिअरचा असणार. त्यावर तुम्ही कॅमेऱ्याची दोऱ्यासारखी वायर जोडलीय. ती कुठे घासून शॉर्ट झाली तर फ्यूज उडायच्या आधी वायर पेटेल. जिथून फाटा काढाल तिथेच २ अ‍ॅम्पिअरचा फ्यूज टाका. हे आज करा, बाकीचं रविवारी केलं तरी चालेल.

प्रतिसाद ४

आम्ही हे सगळे धक्के खाऊन झालोय, म्हणून कॅमेऱ्यांपुरतं लिहिते.

पुढचा उलटा दिसतो कारण तो मूळचा मागचा कॅमेरा आहे, मागच्याला आरशासारखं उलटं चित्र लागतं. कॅमेऱ्याजवळ वायरीला एक-दोन छोटे लूप असतील. एक कापला की चित्र सुलटं होतं, दुसऱ्याने पार्किंगच्या रेषा जातात. रंग प्रत्येकाचे वेगळे, सोबतचा कागद बघूनच कात्री लावा. एफएमसाठी निळी तार बघा. अँटेनाच्या बुडाशी अ‍ॅम्प्लिफायर असेल तर त्याला तिथून १२ व्होल्ट लागतात.

बाजूच्या दोघांसाठी चार चित्रं एकत्र दाखवणारा डबा घेऊ नका. हादरणाऱ्या गाडीत पत्त्याएवढ्या चित्रात दगड की सावली हे कळत नाही. दोन बाजू आणि पुढचा असे तीन कॅमेरे एका साध्या निवड-स्विचवर घ्या, त्याचं आउटपुट पुढच्या इनपुटला. बटण बोटाला न बघता सापडेल असं बसवा. फक्त तिघांचा फॉरमॅट एकच हवा. एक एएचडी आणि एक साधा सीव्हीबीएस (जुना, कमी स्पष्ट फॉरमॅट) असला की एकावर चित्र गडगडतं किंवा येतच नाही.

आरशाखालचा कॅमेरा पुढे आणि खाली असा वळवा की पुढचं चाक चित्राच्या कोपऱ्यात दिसेल. चाक दिसलं नाही तर अंतराचा पत्ता लागत नाही. आणि १७० अंशांच्या लेन्सवर विश्वास ठेवू नका, तिच्यात खोल चर उथळ दिसते. आमची एकदा अशीच फसगत झाली, पुढचं चाक चरीत लटकलं आणि तासभर फावडं मारलं. १२० च्या आसपासची घ्या. आयपी ६७ हे धूळ-पाणी रोखण्याचं रेटिंग, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, ओढ्यासाठी पुरे. पण प्रेशर वॉशर थेट मारला तर ते रेटिंग कामाचं नाही, त्याची चाचणी ६९के ची. आणि पाण्यापेक्षा चिखलच छळतो. दाराच्या कप्प्यात फवाऱ्याची बाटली ठेवा.

प्रतिसाद दोन, उतरून बघणं चुकतच नाही. पण उतरून आल्यावर स्टिअरिंगमागून ते दिसत नाही, त्याचं काय?

प्रतिसाद १

एक राहिलंच. मूळ लाल पिनवर व्होल्टेज का नव्हता, ते शोधलंत का? सॉकेट आणि स्टिरिओ एकाच दिवशी गेले असं तुम्हीच कंसात लिहिलंय. बऱ्याच गाड्यांत दोघांचा फ्यूज एकच असतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. क्रमाने सांगते.

मीटरवर ०.६२ अ‍ॅम्पिअर. तीन दिवसांत जवळपास ४५ अ‍ॅम्पिअर-तास, स्टार्टर टकटक करणारच. स्टिरिओचा फ्यूज काढला, ०.१६. मागचा कॅमेरा सोडवला, ०.०४. तोही रात्रंदिवस अंधार बघत बसला होता. फ्रिजवरचा फाटा त्याच संध्याकाळी तोडून टाकला.

सुट्या बॅटरीवर रेघा गायब. प्लस आणि मायनस दोन्ही पुढे आणले, परत स्पोक, परत साबण. आता इंजिन चालू असो की फ्रिज, चित्र हलत नाही. पुढच्याचा लूप कापला, निळी तार तर मी टेप गुंडाळून मागे खोचून ठेवली होती. बाजूच्यांना निवड-स्विच ठरला.

आणि हो, फ्यूज. स्टिअरिंगखालच्या डब्यात १५ अ‍ॅम्पिअरचा निळा फ्यूज, मधली पट्टी काळी पडून तुटलेली. नवा घातला, चावी फिरवली, मूळ लाल पिनवर १२.४ व्होल्ट. लाल तार तिथे हलवली, आता चावी काढली की स्क्रीन स्वतःहून झोपते.

मग राहवेना. जुना स्टिरिओ खोक्यातून काढून टेबलावर सुट्या बॅटरीला जोडला. लागला. आत अडकलेली सीडी जिथे थांबली होती तिथून पुढे वाजायला लागली. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.