'माहीत नाही' म्हणणाऱ्याचं मत कोणाच्या खात्यात जातं? ब्रिटनमधल्या जनमत चाचण्यांचा घोळ

हॅरोवाला:

गेल्या आठवड्यात मेट्रोपॉलिटन लाइनची गाडी फिंचली रोडच्या अलीकडे वीस मिनिटं अडकली. मी एका ऑनलाइन सर्वेक्षण पॅनलवर आहे (नाव सांगत नाही, पॉइंट बुडायचे!). तेवढ्यात मोबाइलवर प्रश्न आला : उद्या सार्वत्रिक निवडणूक झाली तर मत कोणाला? 'माहीत नाही' दाबलं. पुढचं पान : बरं, निदान कल कोणाकडे? पुन्हा 'माहीत नाही'. मग, 2024 ला कोणाला दिलं होतं? ते आठवत होतं. मजूर पक्षाला. गाडी सुटली, विषय संपला.

मग सहज वेगवेगळ्या कंपन्यांचे ताजे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. रिफॉर्म (स्थलांतराला विरोध करणारा उजवा पक्ष) पुढे आहे एवढ्यावर सगळ्यांचं एकमत. पण कोणी त्यांना 26-27 टक्के देतंय, कोणी 31-32. ग्रीन पक्ष एकीकडे 10-11, दुसरीकडे 17-18. हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) आणि मजूर (लेबर) दोघे विशीच्या आतबाहेर घुटमळतायत. देश एक, महिना एक, आणि निकाल वेगवेगळ्या देशांचे वाटावेत असे.

एवढ्यावर थांबलं असतं तर करमणूक म्हणून सोडून दिलं असतं. पण इथलं राजकारण या आकड्यांवर चालतं. सप्टेंबर 2014 मध्ये स्कॉटलंडच्या सार्वमताआधी यूगव्ह या कंपनीची एक चाचणी आली : स्वातंत्र्याच्या बाजूने 51, विरोधात 49. पंतप्रधान कॅमेरन, मजूर पक्षाचे मिलिबँड आणि लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे क्लेग या तिघांची अशी काही तंतरली की मतदानाला दोन दिवस उरले असताना 'डेली रेकॉर्ड'च्या पहिल्या पानावर तिघांच्या सहीनं स्कॉटलंडला जादा अधिकारांचं वचन छापून आलं. निकाल काय लागला? विरोधात 55.3 टक्के. म्हणजे एका चाचणीच्या धसक्यानं सरकारनं राज्यरचनेचं वचन देऊन टाकलं.

2015 ला तेच, उलट्या दिशेनं. चाचण्या म्हणत होत्या बरोबरी, त्रिशंकू संसद. त्यावर हुजूर पक्षानं मिलिबँड स्कॉटिश नॅशनल पक्षाच्या सामंडच्या खिशात बसलेत असं पोस्टर लावलं. महिनाभर चर्चा एकच, मजूर सरकार स्कॉटिश टेकूवर चालणार का. प्रत्यक्षात हुजूर पक्षाला स्पष्ट बहुमत मिळालं. जी परिस्थिती कधी नव्हतीच, तिच्यावर अख्खी निवडणूक लढली गेली.

माझं म्हणणं सरळ आहे. शेवटच्या आठवड्यात चाचण्या छापायला बंदी घाला. इटलीत 15 दिवस असते, काही बिघडत नाही.

अर्धवट_विदा:

पूर्ण असहमत. आणि तुमचंच उदाहरण तुमच्या विरोधात जातं.

तुमच्या त्या 'माहीत नाही'चं पुढे काय होतं ते बघा. एक कंपनी ते सरळ बाजूला काढते, उरलेल्यांचे 100 टक्के करते. दुसरी म्हणते, हा 2024 चा मजूर मतदार आहे, वय अमुक, शिक्षण तमुक, असे लोक शेवटी बऱ्यापैकी घरी परततात. मग तुमचा काही अंश मजूर पक्षाच्या खात्यात जातो. तिसरी आधी विचारते मतदानाला जाणार का, आणि ज्यांनी छातीठोक 'जाणारच' म्हटलं नाही त्यांचं वजन कमी करते किंवा त्यांना वगळते. आता चिडलेला माणूस छातीठोक असतो, कंटाळलेला नसतो. म्हणून तिसऱ्या पद्धतीत रिफॉर्म आणि ग्रीन फुगतात, दुसऱ्या पद्धतीत मजूर जरा सावरतात. यात लबाडी नाही. न झालेल्या निवडणुकीला कोण जाईल याचे वेगवेगळे अंदाज आहेत. शिवाय 2004 पासून ब्रिटिश पोलिंग कौन्सिल आहे. सभासद कंपन्यांना आपली कोष्टकं उघडी ठेवावी लागतात. तुम्ही स्वतः जाऊन तपासू शकता.

वेगळे आकडे आले की मला बरं वाटतं. भीती वाटते ती सगळे सारखे आले की. 2015 ला अगदी शेवटी सगळे कसे हुजूर-मजूर 34-34 च्या आसपास गोळा झाले होते! निकाल 38-31. सर्व्हेशन या कंपनीच्या हातात आदल्या दिवशीची फोनवरची चाचणी होती, 37-31. जवळजवळ अचूक. पण बाकीच्यांहून इतकी वेगळी की त्यांनी ती छापलीच नाही. घाबरलो, हे नंतर त्यांच्या प्रमुखानं स्वतः कबूल केलं. मग प्राध्यापक स्टर्गिस यांच्या समितीनं चौकशी केली. मूळ दोष निघाला नमुन्यात. राजकारणात रस असलेले तरुण जास्त, सत्तरीपुढचे आजी-आजोबा कमी. पण आकडे जितके विखुरलेले असायला हवे होते तितके नव्हते, हेही त्यांनी नोंदवलंय.

1970 ला सगळे म्हणत होते मजूर पक्षाचे विल्सन. ओआरसी नावाची एकटी कंपनी हुजूर पक्षाचे हीथ पुढे म्हणाली. हीथ आले. 2017 ला आयसीएम या कंपनीनं हुजूर पक्षाच्या थेरेसा मे यांना 12 अंकांची आघाडी दिली, सर्व्हेशननं 1 ची. प्रत्यक्षात अडीचच्या आत. कळपाबाहेरचं मेंढरू दर वेळी बरोबर असतं असं नाही, पण ते दिसायला तर हवं.

नाना_सांगलीकर:

इकडून बघताना गंमत वाटते. 4 जून 2024 ला आपला निकाल, 4 जुलैला त्यांचं मतदान. आपल्याकडे 1 जूनला बहुतेक एक्झिट पोल रालोआला 350 च्या पुढे नेऊन ठेवत होते, काही थेट 400 ला. आले 293. एका सर्वेक्षणवाल्याला टीव्हीवर रडू कोसळलं. त्या मानानं इंग्रजाचं बरं की, रात्री दहाला एकच एक्झिट पोल, बीबीसी, आयटीव्ही, स्काय तिघांचा मिळून. मजुरांना 410 म्हणाले, 411 आल्या. आपल्याकडे हे का जमत नाही?

अर्धवट_विदा:

नाना, तो वेगळा प्राणी आहे. तिथे 'कोणाला देणार' हा प्रश्नच नाही, 'आत्ता कोणाला दिलंत' एवढंच. सुमारे 130 मतदान केंद्रं, शक्यतो मागच्या वेळचीच. बाहेर पडणाऱ्याला खऱ्यासारखी दिसणारी मतपत्रिका देतात, तो ती घडी करून पेटीत टाकतो, तोंडानं काही बोलावं लागत नाही. मग त्याच केंद्रावर मागच्या वेळेपेक्षा किती फरक पडला ते मोजतात. रात्री दहाच्या आत तो आकडा फोडणं गुन्हा. पण तोही देव नाही : त्याच रात्री रिफॉर्मला 13 जागा दिल्या होत्या, मिळाल्या 5.

अवांतर : 2015 ला याच एक्झिट पोलनं लिबडेमना (लिबरल डेमोक्रॅट पक्षाला) 10 जागा दिल्यावर त्यांचे माजी नेते पॅडी ॲशडाउन म्हणाले, हे खरं ठरलं तर टोपी खाईन. आल्या 8.

वैदेही_लेस्टर:

तुम्ही सगळे देशाची टक्केवारी घेऊन बसलात. मी लेस्टर ईस्टमध्ये राहते. नोकरीसाठी आले, पासपोर्ट अजून भारतीयच, पण राष्ट्रकुलाची नागरिक म्हणून इथे मत देता येतं हे शेजारच्या गुजराती मावशींनी सांगेपर्यंत माहीत नव्हतं. 2024 ला पहिल्यांदा गेले. चर्चचा हॉल, ओळखपत्र म्हणून आपला निळा पासपोर्ट, दोरीनं बांधलेली पेन्सिल. शाई नाही, बोट नाही, यंत्र नाही. पेन्सिलीनं फुली मारताना हे कोणी खोडलं तर, असं मनात आलंच!

देशभर हुजूर पक्षाची धूळधाण, 121 जागा. आणि आमच्याकडे त्यांच्या शिवानी राजा निवडून आल्या. त्या निवडणुकीत हुजूर पक्षानं दुसऱ्याकडून घेतलेली ती एकमेव जागा. कारण शोधायला लांब जायला नको. मजूर पक्षाचा अधिकृत उमेदवार एक, आणि पूर्वी त्याच पक्षाकडून इथले खासदार राहिलेले कीथ वाझ आणि क्लॉडिया वेब हे दोघेही वेगवेगळे उभे. शेजारच्या लेस्टर साउथमध्ये तर मजूर पक्षाचे ॲशवर्थ गाझाच्या मुद्द्यावर एका अपक्षाकडून पडले. हजार-दोन हजारांच्या राष्ट्रीय चाचणीत लेस्टरची माणसं येऊन येऊन किती येणार? आणि त्यातही ज्यांच्या घरात इंग्रजीत फॉर्म भरायचा म्हटलं की मुलाला हाक मारतात, ती किती?

हॅरोवाला:

वैदेहीताई, +1. आमच्या हॅरो ईस्टलाही हुजूर पक्षाचे बॉब ब्लॅकमन निम्म्याहून जास्त मतं घेऊन आले, बाकी देशात त्यांच्या पक्षाच्या एकालाही ते जमलं नाही.

विदाभाऊ, वेगवेगळे आकडे म्हणजे निरोगीपणा हे एकवेळ मान्य. पण 2024 चं काय? आघाडीचे आकडे वेगळे होते खरे, पण चुकले सगळे एकाच बाजूला. शेवटची सरासरी मजुरांना 18-19 अंकांची आघाडी देत होती, निघाली 10. सव्हांटा कंपनीच्या मतदारसंघनिहाय अंदाजात हुजूर पक्ष 53 जागांवर होता! मग हुजूर पक्षाचे मंत्री ग्रँट शॅप्स स्वतः सांगत फिरले की मजुरांना अफाट बहुमत देऊ नका. म्हणजे मंत्रीच म्हणतोय आम्ही हरलोय. अशा वेळी माझ्यासारखा माणूस काय करतो? निकाल ठरलाय तर कोणी घरी बसतो, कोणी मनातल्या ग्रीनला देतो. मतदान 60 टक्क्यांच्या आसपास अडकलं. शेवटी 33.7 टक्के मतांवर 63 टक्के जागा, आणि रिफॉर्मला 14.3 टक्क्यांवर 5 जागा. लिबडेमना त्याहून कमी मतांत 72.

अर्धवट_विदा:

2024 ची चूक मोठी होती, त्यावर पांघरूण घालणार नाही. जागा साधारण जुळल्या म्हणून कोणी चौकशीची ओरड केली नाही एवढंच. 2017 ची चूकही आठवते : 2015 ला तरुण जास्त धरले म्हणून काहींनी तरुणांचं वजन इतकं कापलं की मजूर नेते कॉर्बिन यांचा मतदारच गायब झाला. मागच्या तापाचं औषध या वेळच्या खोकल्याला.

पण 33.7 वर 63 हा दोष चाचणीचा नाही हो, निवडणूक पद्धतीचा आहे. थर्मामीटरवर कशाला राग?

आणि बंदीनं चाचण्या थांबत नाहीत, फक्त तुम्हाआम्हाला दिसत नाहीत. पक्षांच्या स्वतःच्या चालू राहतात, पैसे लावणाऱ्यांच्या चालू राहतात. मग 'आमच्या अंतर्गत सर्व्हेत आम्ही पुढे' हे तुम्ही कशावरून तपासणार? हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीनं 2018 मध्ये हा प्रश्न सगळ्या बाजूंनी घोळवला आणि बंदी नको म्हणाली.

शून्य_प्रहर:

थर्मामीटर रुग्णाला हलवत नाही. सप्टेंबर 2022 ला यूगव्हनं मजुरांची 33 अंकांची आघाडी दाखवली आणि पंतप्रधान लिझ ट्रसबाईंचा हुजूर पक्ष आतून गार पडला. 49 दिवसांत खेळ खलास. त्यांना मतदारांनी नाही, त्यांच्याच खासदारांनी घालवलं, कोष्टकं बघून. आता मजूर पक्षाच्या स्टार्मरचं चाललंय तेच. ज्या पक्षाला 2029 पर्यंत निवडणूक घ्यायची गरज नाही तो दर मंगळवारी उठून नाडी बघतोय.

अर्धवट_विदा:

ट्रस गेल्या त्या त्यांच्या करकपातीच्या छोट्या अर्थसंकल्पामुळे. गहाणकर्जाचे हप्ते वाढले ते लोकांना चाचणी वाचून कळलं नाही.

कार्डिफकर:

मी केअरफिलीपासून वीस मिनिटांवर राहतो, म्हणून लिहितो. ऑक्टोबर 2025 ची तिथली पोटनिवडणूक वेल्सच्या विधिमंडळासाठी होती. शंभर वर्षांहून जास्त काळ मजूर पक्षाचा गड, खाणकामगारांचा मुलूख. मतदानाच्या तोंडावर सर्व्हेशनची चाचणी आली : रिफॉर्म 42, प्लाइड कम्री (वेल्सचा राष्ट्रवादी पक्ष) 38, मजूर 12.

माझ्या ऑफिसातला एक सहकारी तिथला. आजोबा खाणीत, वडील युनियनमध्ये, घरात मजूर पक्षाशिवाय दुसरं नाव नाही. तो 12 चा आकडा बघून म्हणाला, संपलं आमचं, आता रिफॉर्मला अडवायचं तर प्लाइड. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा दुसरीकडे फुली मारली. निकाल : प्लाइड 47, रिफॉर्म 36, मजूर 11.

आता ही चाचणी चुकली म्हणायची? हॅरोवाले म्हणतील बघा, लोकांना हलवलं. विदा म्हणतील लोकांना कामाची माहिती मिळाली. मला विचाराल तर दोन्ही. ती छापली नसती तर माझा सहकारी जुन्या सवयीनं बुडत्या पक्षाला मत देऊन आला असता. पण चाचणी साफ खोटी असती आणि प्लाइड तिसऱ्या क्रमांकावर असता, तर हाच माणूस फसला असता. आणि एका मतदारसंघाच्या छोट्या नमुन्यात तसं होणं अशक्य नव्हतं.

वैदेही_लेस्टर:

म्हणजे पसंतीक्रमाचं मतदान असतं तर त्या बिचाऱ्याला चाचणी वाचावीच लागली नसती. पहिली पसंती आजोबांच्या पक्षाला, दुसरी प्लाइडला.

हॅरोवाला:

हे पटलं. बंदीचा हट्ट निम्मा सोडतो. मतदारसंघाच्या चाचण्या राहू द्या. देशभरच्या 'आज निवडणूक झाली तर'वाल्यांवर शेवटच्या आठवड्यात तरी लगाम हवा, यावर अजून ठाम आहे.

अर्धवट_विदा:

दोन्ही चाचण्या त्याच कंपन्या करतात. पण चला, निम्मे तरी हललात.

शून्य_प्रहर:

हॅरोवाले, बाकी सगळं सोडा. त्या 'माहीत नाही'चे पॉइंट मिळाले का?

हॅरोवाला:

मिळाले की. आणि काल पुन्हा तोच प्रश्न आला. या वेळी गाडी वेळेवर होती, अर्ध्यात सोडून उतरलो.