आईच्या यकृतातील गाठ: रेडिओफ्रिक्वेन्सी की मायक्रोवेव्ह?

प्रश्न (रामबाग, इंदूर)

सप्रेम नमस्कार. माझी आई ६९ वर्षांची आहे. तिला वीस वर्षांपासून मधुमेह आहे आणि यकृतात साठलेल्या चरबीमुळे सिरोसिस झाल्याचे चार वर्षांपूर्वी निष्पन्न झाले. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी होते. या वेळच्या सोनोग्राफीत गाठ दिसली आणि नंतरच्या ट्रिपल फेज सी.टी.वरून ती यकृताच्याच कर्करोगाची असल्याचे सांगण्यात आले. रिपोर्टनुसार गाठ एकच असून ती २.६ से.मी. आहे आणि यकृताच्या सातव्या सेगमेंटमध्ये (भागात), उजव्या हिपॅटिक व्हेनला (यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या मोठ्या शिरेला) जवळजवळ टेकलेली आहे. बिलिरुबिन १.१, प्लेटलेट ८२ हजार, पोटात पाणी नाही, ‘चाइल्ड ए’ (म्हणजे सिरोसिस असूनही यकृताचे काम बऱ्यापैकी चालू).

आम्ही शहरातच दोन ठिकाणी दाखवले. एका डॉक्टरांच्या मते रेडिओफ्रिक्वेन्सीने, म्हणजे आर.एफ.ने, गाठ जाळावी, कारण ती पद्धत तीस वर्षे पारखलेली आहे. दुसऱ्या डॉक्टरांनी आर.एफ. आता जुनी झाली असे सांगून मायक्रोवेव्ह सुचवले, आणि त्याचा खर्चही बराच अधिक आहे. धाकट्या भावाचे म्हणणे असे की इथे वेळ न घालवता अवंतिका एक्सप्रेसने थेट मुंबई गाठावी. दोन्हींत सुईच घालायची आणि दोन्हींत उष्णताच द्यायची, तर मग एवढा फरक कशाचा, हे कोणी समजावून सांगितल्यास आभारी राहीन.

उत्तर १ (सुदामा नगर)

माझ्या यजमानांचे आर.एफ. पाच वर्षांपूर्वी झाले, गाठ दोन से.मी.ची होती आणि त्या जागी ती पुन्हा आली नाही, हे आधी सांगते. परंतु एक गोष्ट आम्हाला कोणीही सांगितली नव्हती. आर.एफ.मध्ये सुईतून गेलेला विद्युतप्रवाह शरीराबाहेर परतावा म्हणून दोन्ही मांड्यांना चिकट पॅड लावतात. यजमानांच्या डाव्या मांडीवरील पॅडची एक कड नीट चिकटली नसावी, कारण घरी आल्यावर तिथे रुपयाएवढा फोड दिसला आणि मधुमेहामुळे तो भरायला दीड महिना लागला. यकृत सुधारले आणि आम्ही मांडीचे ड्रेसिंग करत बसलो! आईंनाही मधुमेह आहे, म्हणून पॅड लावण्यापूर्वी त्वचा कोरडी आहे ना आणि पॅड पूर्ण चिकटले आहे ना, हे पाहण्याची विनंती अवश्य करावी. मायक्रोवेव्हमध्ये हे पॅड लागतच नाहीत.

नंतर चार-पाच दिवस अंगात कसकस राहिली आणि उजवा खांदा दुखत होता. पोटावर उपचार आणि दुखतो खांदा, म्हणून आम्ही घाबरलो होतो; छाती आणि पोट यांच्यामधील पडद्याला झळ लागली की असे होते, हे मागाहून कळले.

उत्तर २ (लोकमान्य नगर, निवृत्त रेडिओलॉजिस्ट)

चिरंजीव, रिपोर्ट इतका नेमका लिहिलात हे बरे केले, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर ‘उजव्या हिपॅटिक व्हेनला टेकलेली’ या शब्दांत दडलेले आहे.

आर.एफ.मध्ये सुमारे ४५० ते ५०० किलोहर्ट्झचा प्रवाह पेशींमधील आयनांना हलवतो आणि त्या घर्षणातून उष्णता निर्माण होते. ऊतक ६० अंशांवर गेले की पेशी जवळजवळ तत्काळ मरतात. मात्र तापमान शंभरापलीकडे गेले की सुईभोवतीचा भाग कोळसतो, कोळशातून वीज नीट वाहत नाही आणि उष्णता पुढे सरकेनाशी होते. म्हणून आर.एफ. संथपणे, बेताबेताने द्यावी लागते. मायक्रोवेव्हचे तसे नाही. ते ९१५ किंवा २४५० मेगाहर्ट्झच्या लहरींनी पाण्याचे रेणू फिरवते (स्वयंपाकघरातील ओव्हन याच २४५०वर चालतो), त्यासाठी वीज वाहण्याची गरज नसते, आणि म्हणून तापमान शंभराच्या बरेच वर जाऊनही काम चालू राहते व वेळ कमी लागतो.

आता शिरेचा मुद्दा. तीन मि.मी.हून मोठी रक्तवाहिनी गाठीला लागून असेल तर वाहते रक्त तिथली उष्णता सतत वाहून नेते. चुलीवरच्या पातेल्याच्या एका अंगाला गार पाण्याची धार सोडली तर ते अंग तापत नाही, तसेच. गाठीची तेवढीच कड कच्ची राहते आणि रोग पुन्हा तिथूनच डोके वर काढतो. हा परिणाम मायक्रोवेव्हमध्येही होतो, पण कमी. त्यामुळे आईंच्या बाबतीत माझा कल मायक्रोवेव्हकडे आहे. तरीही ‘आर.एफ. जुनी झाली’ हे विधान मला पटत नाही. चार से.मी.पर्यंतच्या गाठींसाठी दोन्ही पद्धतींची तुलना करणारा फ्रान्स व स्वित्झर्लंडमधील अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन वर्षांत त्याच जागी रोग परतण्याचे प्रमाण मायक्रोवेव्हनंतर ६ टक्के आणि आर.एफ.नंतर १२ टक्के होते, पण रुग्णसंख्या पाहता तो फरक निर्णायक ठरला नाही. शिवाय झपाट्याने पसरणारी उष्णता शेजारच्या पित्तनलिकेला किंवा आतड्यालाही तितक्याच झपाट्याने भाजू शकते. गाठ यकृताच्या दारापाशी, मुख्य पित्तनलिकांजवळ असती, तर मी मायक्रोवेव्हचे नाव इतक्या सहज घेतले नसते.

यंत्रापेक्षा मी पुढील गोष्टी अधिक विचारीन. गाठीभोवती चहूबाजूंनी किमान पाच मि.मी. निरोगी यकृतही जाळायचे असते, म्हणजे २.६ से.मी.च्या गाठीसाठी ३.६ से.मी.चा गोळा जळायला हवा, तो एका सुईत साधेल की सुईची जागा बदलावी लागेल? सातवा सेगमेंट पडद्याला लागून असतो, तेव्हा मध्ये पाणी सोडून पडदा दूर सारणार आहेत का? (आर.एफ. असेल तर त्यासाठी पाच टक्के डेक्स्ट्रोज वापरतात, सलाईन नव्हे, कारण सलाईनमधून वीज वाहते.) सुई कोण घालणार, आणि अशा गाठी ते नेहमी करतात का? आणि सर्वांत महत्त्वाचे, आईंच्या पित्तनलिकेवर पूर्वी काही उपचार झाले आहेत का?

उत्तर ३ (सध्या बडोदे)

एकच सुचवतो: सुई घालणाऱ्या दोघांना विचारलेत, आता एकदा यकृताच्या सर्जनलाही विचारा. १९९६च्या मिलान निकषांनुसार पाच से.मी.पर्यंतची एकच गाठ यकृत प्रत्यारोपणाच्या मर्यादेत बसते. वय आणि मधुमेह पाहता ते कदाचित नाही म्हणतील, आणि ८२ हजार प्लेटलेट म्हणजे पोर्टल दाब (यकृताकडे रक्त आणणाऱ्या शिरेतील दाब) वाढलेला असण्याची शक्यता असल्याने यकृताचा तुकडा कापायलाही कचरतील. पण ते नाही त्यांच्या तोंडून आलेले बरे.

प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रेडिओलॉजिस्ट काकांचा शेवटचा प्रश्न आईला वाचून दाखवला, तेव्हा ती सहज म्हणाली, “अरे, ते खडे नव्हते का काढले तोंडातून नळी घालून?” कपाटातील जुन्या पिशवीत २०१७ची फाईल मिळाली: ई.आर.सी.पी., पित्तनलिकेचे तोंड कापून खडे काढले, तीन महिने स्टेंट. दोन्ही डॉक्टरांना हे आम्ही सांगितलेच नव्हते, कारण त्याचा गाठीशी काही संबंध असेल असे वाटले नाही.

मायक्रोवेव्ह सुचवणाऱ्या डॉक्टरांनी ती फाईल दोनदा वाचली. नलिकेचे तोंड मोकळे असल्याने आतड्यातील जंतू वर चढून जळलेल्या भागात पू होण्याचा धोका अशा रुग्णांत बराच वाढतो, आणि तो धोका दोन्ही पद्धतींत असतो, असे त्यांनी सांगितले. म्हणून प्रतिजैविके आधीपासून सुरू होतील व नेहमीपेक्षा लांबतील; आणि पहिल्या आठवड्यानंतर थंडी वाजून ताप आला तर तो साधा न समजता त्याच दिवशी घेऊन या, असे त्यांनी पत्रिकेवर लाल शाईने लिहून दिले. सर्जननी शस्त्रक्रिया नको म्हटले. मुंबईला सी.टी.ची सीडी आणि ही जुनी फाईल घेऊन भाऊ एकटाच गेला, आईला दगदग नको म्हणून; तिथेही शिरेच्याच कारणावरून मायक्रोवेव्ह सांगितले. येत्या गुरुवारी इथेच दाखल करत आहोत. महिन्याने सी.टी. होईल, तेव्हा इथे कळवीन.