लॅमिव्हुडीन सुरू असतानाच हिपॅटायटिस बी पुन्हा वाढला. आता कोणती गोळी घ्यावी?

प्रश्न (रावेर तालुक्यातील केळी उत्पादक)

सप्रेम नमस्कार. माझे थोरले बंधू ४८ वर्षांचे असून त्यांना दीर्घकालीन हिपॅटायटिस बी आहे. गेली सहा वर्षे ते विषाणू दाबून ठेवणारी लॅमिव्हुडीनची गोळी घेत आहेत. मधली तीन वर्षे रक्तात विषाणू सापडत नव्हता. दिवाळीनंतरच्या तपासणीत मात्र तो ८४,००० आययू प्रति मिलिलिटर निघाला आणि एसजीपीटी (यकृताला इजा झाल्यास रक्तात वाढणारे विकर) ११२ वर गेले. जवळच्या डॉक्टरांनी एन्टेकाव्हिर सुचवले, तर नाशिकच्या तज्ज्ञांनी टेनोफोव्हिर लिहून दिले. दादांना मधुमेह आहे, वजन ६२ किलो आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्तचाचणी) १.४ आहे. टेनोफोव्हिर मूत्रपिंडाला बाधते असे कोणीतरी त्यांच्या मनात भरवल्यामुळे नवी गोळी अजून डब्यातच पडून आहे. त्यातच भावकीतले एक काका काविळीच्या झाडपाल्यासाठी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावी चला म्हणून हटून बसले आहेत.

कपाशीवरची गुलाबी बोंडअळी बीटी वाणालाही जुमानेनाशी झाली, हे आम्ही शेतात पाहिले आहे. विषाणूचेही तसेच काही झाले असावे, एवढे समजते. पण मग दोन डॉक्टर दोन औषधे का सांगतात?

उत्तर १ (औषध विक्रेता, भुसावळ)

औषध बदलण्याच्या चर्चेआधी घरातल्या रिकाम्या स्ट्रिपा मोजाव्यात, अशी माझी विनंती आहे. दहा गोळ्यांची स्ट्रिप नेणारा माणूस अठराव्या दिवशी दुकानात येतो आणि “रोज घेतो” असे ठामपणे सांगतो, हे मी दर महिन्याला पाहतो. विषाणूचे प्रमाण आधीच्या नीचांकाच्या दहापटीहून अधिक वाढले, तर त्याला उपचार चालू असताना झालेला उद्रेक म्हणतात. पण त्याचे कारण प्रतिरोध (विषाणूने औषधाला न जुमानणे) आहे की चुकलेल्या गोळ्या, हे केवळ आकड्यावरून कळत नाही. दोन्ही तपासण्या एकाच प्रयोगशाळेतल्या आणि एकाच एककातल्या आहेत ना, तेही पाहावे.

उत्तर २ (यकृतविकारांवर उपचार करणारा डॉक्टर, धुळे)

स्ट्रिपा मोजाव्यातच, मात्र सहा वर्षे एकट्या लॅमिव्हुडीनवर असलेल्या रुग्णात प्रतिरोध निघाला, तर त्यात नवल नाही. या औषधावर पाच वर्षांत सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये तो आढळतो. आपल्या प्रती काढताना हा विषाणू चुका करतो आणि त्या दुरुस्त करत नाही. त्याच्या प्रती काढणाऱ्या पॉलिमरेज विकरातील २०४ क्रमांकाच्या जागी मेथिओनिन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन किंवा आयसोल्यूसिन आले, की लॅमिव्हुडीन तिथे नीट बसत नाही, आणि औषधाच्या माऱ्यातून तेवढेच विषाणू वाचून वाढत राहतात. बोंडअळीची उपमा म्हणूनच योग्य आहे. फरक इतकाच, की शेत नांगरून टाकता येते. या विषाणूचा मूळ साचा यकृताच्या पेशींच्या केंद्रकात दडून राहतो, त्यामुळे काही वर्षांनी लॅमिव्हुडीनकडे परतण्यात अर्थ नसतो.

आता दोन डॉक्टरांच्या मतभेदाविषयी. पूर्वी कोणतेही औषध न घेतलेल्या रुग्णासाठी एन्टेकाव्हिर उत्तमच आहे. त्यांच्यात पाच वर्षांतला प्रतिरोध १.२ टक्क्यांच्या आसपास आहे. परंतु लॅमिव्हुडीनला आधीच न जुमानणाऱ्या विषाणूने एन्टेकाव्हिरकडे जाणारी अर्धी वाट चाललेली असते, म्हणून तिथे मात्रा दुप्पट करून १ मिलिग्रॅम दिली तरी हेच प्रमाण पाच वर्षांत ५० टक्क्यांच्या घरात जाते. टेनोफोव्हिरला हा २०४ चा बदल आडवा येत नाही. त्यामुळे नाशिकच्या तज्ज्ञांचा सल्ला मला योग्य वाटतो, आणि सोबत लॅमिव्हुडीन चालू ठेवण्याचीही गरज नसते.

मूत्रपिंडाची भीती निराधार नाही, पण ती गोळी डब्यात ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही. वय, वजन व क्रिएटिनिन यांवरून तुमच्या बंधूंचा क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याचा वेग, मिनिटाला सुमारे ५७ मिलिलिटर येतो. टेनोफोव्हिर दोन रूपांत मिळते: जुने डायसोप्रॉक्सिल ३०० मिलिग्रॅमचे आणि नवे अॅलाफेनामाइड २५ मिलिग्रॅमचे. दुसऱ्याचा मूत्रपिंड व हाडांवरील भार कमी असल्याने, मधुमेह लक्षात घेता, तज्ज्ञांना त्याविषयी अवश्य विचारा. क्षयरोगाची रिफाम्पिसिन चालू असेल तर मात्र अॅलाफेनामाइड चालत नाही. सुरुवातीपूर्वी एचआयव्ही तपासणी हवीच, कारण एकटे टेनोफोव्हिर देऊन एचआयव्हीला प्रतिरोध शिकवणे महागात पडते. तीन महिन्यांनी व्हायरल लोड (रक्तातील विषाणूचे प्रमाण) पुन्हा पाहावा. नवी गोळी हातात येईपर्यंत जुनी थांबवू नये.

उत्तर ३ (रुग्ण, अमळनेर)

शेवटच्या वाक्यावर मी अनुभवाने भर देतो. २०११ मध्ये, बरे वाटते म्हणून, मी मनानेच गोळ्या बंद केल्या होत्या. दहाव्या आठवड्यात डोळे हळदीसारखे पिवळे झाले, लघवी चहाच्या रंगाची झाली आणि सतरा दिवस रुग्णालयात काढावे लागले. त्याआधी एका वैदूचा काढा दीड महिना घेतला होता. त्याने यकृताचे काय केले, देव जाणे. त्यानंतर टेनोफोव्हिर सुरू झाले आणि विषाणू अजून डोके वर काढू शकलेला नाही. खर्चाची अडचण असेल तर २०१८ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमातून हे औषध मोफत मिळते. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात चौकशी करावी.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. स्ट्रिपा मोजल्या. केळीची कापणी जोरात असते त्या दोन महिन्यांतल्या अकरा गोळ्या शिल्लक निघाल्या; दादा पहाटे चारला मजुरांबरोबर बागेत जात आणि गोळी घरीच राहत असे. मग हा प्रतिरोध नव्हेच का?

डॉक्टर, धुळे

चुकलेल्या गोळ्यांमुळे प्रतिरोध नाकारता येत नाही. प्रतिरोध ओळखणारी विषाणूची जनुकीय चाचणी उपलब्ध असेल तर करावी, पण तिच्यासाठी उपचार लांबवू नयेत. लॅमिव्हुडीन दोन्ही परिस्थितींत बदलायचेच आहे. गोळीची वेळ रात्रीच्या जेवणाशी जोडावी. दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी करून घ्यावी, आणि पत्नी व मुलांची तपासणी राहिली असेल तर तीही करावी.

प्रश्नकर्ता

तज्ज्ञांना काल भेटलो. त्यांनी अॅलाफेनामाइड लिहून दिले, आणि दादांनी पहिली गोळी रात्री भाकरीबरोबर घेतली. वहिनींचा अहवाल निगेटिव्ह आला असून लसीचा पहिला डोस सोमवारी आहे. धाकट्या पुतण्याचा अहवाल अजून यायचा आहे.