मदत हवी आहे: डायग्नोस्टिक मेनूत स्लेव्ह ४ च्या उत्तराआधी [००] येऊन राहिलं

नमस्कार मंडळी, मी बुटीबोरी एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. पीएलसीच्या (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) रॅकमधे मॉडबस आरटीयूचं (यंत्रांनी एकमेकांशी बोलायची पद्धत) कम्युनिकेशन मॉड्यूल आहे, त्याच्या आरएस-४८५ लाइनीवर ४ एनर्जी मीटर अन् मग २ ड्राइव्ह, सगळे ९६०० च्या स्पीडवर. ४ नंबरचा मीटर (म्हणजे स्लेव्ह ४) मागच्या आठवड्यात जळला, दुसऱ्या मेकचा बसवला, अन् तेव्हापासून मॉड्यूलचा एरर लाइट लुकलुकून राहिला. स्काडावर (कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर) ४ चं रीडिंग कधी येतं कधी गायब, अधूनमधून ५-६ पण जातात.

लॅपटॉप डीबग पोर्टला लावला तर पुट्टीत (टर्मिनल प्रोग्रॅममधे) नुसता कचरा. आमच्या पोट्ट्याने तिथंही ९६००च ठेवलं होतं, पण फील्डचा स्पीड वेगळा अन् डीबग पोर्टचा वेगळा. ५७६०० केलं, प्रश्नचिन्ह दाबलं, मेनू आला (यातच अर्धा तास गेला, तेही पॅनल रूमचा एसी बंद असताना). एरर काउंटरमधे सीआरसी (संदेश बिघडला का ते तपासणारा आकडा) एरर वाढतच जातात. मग डेटा अ‍ॅनालायझर लावला. पाठवलेलं टोकदार कंसात दिसतं, आलेलं चौकोनी कंसात. बाकीच्यांचं उत्तर नीट, पण ४ चं पाहा: [००][०४][०३][०४]... ते पहिलं शून्य कुठून आलं? अ‍ॅनालायझर चालू ठेवला की मॉड्यूल मंद होतं म्हणून दोन मिनिटांत बंद केला.

ए-बी (लाइनीच्या दोन तारा) उलटं नाही, पॅरिटी जुळते, शील्ड एकाच टोकाला अर्थ आहे. दोन्ही टोकाला १२० ओहमचे टर्मिनेटर (टोकाचे रेझिस्टर) आधीपासून आहेत. पॉवर बंद करून ए-बी मधे मोजलं तर ४१ ओहम येतात. ६० च्या आसपास पाहिजे ना? नवीन मीटरच खराब निघाला का, की मॉड्यूल?

प्रतिसाद:
भाऊ, मॉड्यूलला हात नका लावू. १२० चे दोन समांतर म्हणजे ६०, तीन म्हणजे ४०. तुमच्या लाइनीवर तिसरा टर्मिनेटर आहे, बहुतेक नवीन मीटरच्या आतच, अन् तो मीटर मधे बसला आहे. कोणीच बोलत नसताना लाइन बायसच्या (तिला स्थिर ठेवणाऱ्या रेझिस्टरच्या) जोरावर २०० मिलिव्होल्टच्या वर राहायला पाहिजे. समजा ५ व्होल्टला ६८० ओहमची जोडी असेल, तर ६० ओहमवर २११ मिळतात, ४० वर १४३ च. मग मीटरने ड्रायव्हर (पाठवणारा भाग) चालू केला की तो झटका खोटा स्टार्ट बिट (बाइट सुरू झाल्याची खूण) वाटतो, अन् पुढे ते शून्य चिकटतं. सीआरसी त्याच्यासकट मोजला जातो, फ्रेम (अख्खा संदेश) गेली. पोलिंग (मॉड्यूलचं सारखं विचारणं) थांबवून, पॉवर चालू ठेवून डीसीवर ए-बी मोजा.

धागाकर्ता:
मोजलं, १३८ मिलिव्होल्ट! मीटरच्या मागचं झाकण काढलं तर टर्मिनलच्या बाजूला बारीकसा स्लाइड स्विच, ऑनवर होता. बंद केला, आता ६२ ओहम, अन् व्होल्टेज २१५. काउंटर मेनूतून शून्य केले, तासभरात एकही सीआरसी एरर नाही. मॅन्युअल त्याच खोक्यात होतं म्हणा. रात्रपाळीत दोन्ही ड्राइव्ह फुल लोडवर चालतात, तेव्हा परत पाहतो.