जुन्या एच८१ मशीनसाठी खास बांधलेली सिस्टीम: फायदा की नसता उपद्व्याप?

तांबडी_माती:
सावंतवाडीपासून दापोलीपर्यंत झेरॉक्सची दुकानं, पतपेढ्या, काजू कारखान्यांची ऑफिसं बघा. इंटेलच्या चौथ्या पिढीचा (हॅसवेल) आय३ प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅम आणि साधी हार्डडिस्क हा संच अजून सर्रास चालू आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलची आठवी पिढी मागतं. म्हणून मशीन भंगारात घालायचं? सिस्टीमच त्याच्या मापाने शिवून घ्या.

माझी शिफारस कॅशीओएस, म्हणजे वेगासाठी बांधलेलं एक लिनक्स. त्याची पॅकेजेस एक्स८६-६४-व्ही३ (प्रोसेसरच्या जादा सूचना वापरणारा स्तर, थोडक्यात व्ही३) साठी कंपाइल केलेली मिळतात, म्हणजे हॅसवेलमधलं एव्हीएक्स२ (एकदम बरीच आकडेमोड करणाऱ्या सूचना) कामाला लागतं. वर ‘लोकलमॉडकॉन्फिग’ने (चालू असलेलीच ड्रायव्हर-मॉड्यूलं ठेवणारी कमांड) स्वतःचा कर्नल (सिस्टीमचा गाभा), बूटच्या ओळीत ‘मिटिगेशन्स=ऑफ’ (प्रोसेसरमधल्या त्रुटींवरचे बचाव बंद), एक्सट४ फाइलसिस्टीमला ‘नोएटाइम’ (फाइल वाचल्याची वेळ लिहू नये) आणि ‘कमिट=६०’ (दर ६० सेकंदांनी डिस्कवर लिहावं), शिवाय झेडरॅम (रॅममध्येच डेटा दाबून ठेवणारा स्वॉप). सगळ्यांना एकच तयार सिस्टीम टाकून देणं हा आळस आहे.

खाडीकाठ:
आळस नव्हे, हिशेब. उबंटूने २५.१० मध्ये व्ही३ पॅकेजेस ऐच्छिक म्हणून दिली, तेव्हा त्यांनीच सांगितलं की बहुतेक पॅकेजेसना फायदा सुमारे १ टक्का. आकडेमोडीच्या कामांना थोडा जास्त. सातबारा काढायला आणि फॉर्म भरायला त्या एका टक्क्याचं काय लोणचं घालायचं?

शिवाय त्याच एच८१ वर कित्येकदा पेंटियम जी३२२० बसवलेला असतो. तोही हॅसवेलच, पण त्यात एव्हीएक्स२ नाही. व्ही३ ची बायनरी तिथे ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणत जागीच मान टाकते. ‘एलएससीपीयू’ या प्रोसेसरची माहिती देणाऱ्या कमांडच्या यादीत एव्हीएक्स२ दिसल्याशिवाय व्ही३ ला हात लावू नये.

मशीन रडतं ते डिस्कपायी. ७२०० आरपीएमची डिस्क विखुरलेल्या विनंत्या सेकंदाला शंभराच्या आसपास उरकते, साधी साटा एसएसडी हजारोंनी. एच८१ चिपसेटच्या चार साटा पोर्टांपैकी दोनच ६ गिगाबिटचे असतात, बाकीचे ३ चे. बोर्डवर छापलेलं वाचून एसएसडी ६ वर लावा. रॅम एकच ८ जीबीची घेण्यापेक्षा ४-४ ची जोडी घ्या. १६०० च्या एका पट्टीची बँडविड्थ सेकंदाला १२.८ जीबी, दोन्ही चॅनेल भरले की २५.६. ग्राफिक्स त्याच रॅमवर जगतं, तेव्हा हा फरक ब्राउझर खालीवर करतानाही कळतो. मग लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाका. मिंट २२ ला अपडेट २०२९ पर्यंत आहेत.

हार्डवेअरला घासूनपुसून बसवलेल्या सिस्टीमवर भरवसा किती ठेवायचा तेही बघा. इंटेलचं स्वतःचं क्लिअर लिनक्स नेमकं याच कल्पनेवर उभं होतं. जुलै २०२५ मध्ये त्यांनी ते बंद केलं आणि त्या दिवसापासून सुरक्षेचे पॅचही थांबले.

भरती_ओहोटी:
मला सगळ्यात खटकलं ते ‘कमिट=६०’. एक्सट४ जर्नल (बदलांची नोंदवही) एरवी दर ५ सेकंदांनी डिस्कवर उतरवतं, तुम्ही ते मिनिटावर नेताय. जूनपासून सप्टेंबरपर्यंत लाइट कशी जाते ते इथे कोणाला सांगायला नको. डेटाबेस ‘एफसिंक’ मारतो, म्हणजे डेटा लगेच डिस्कवर लिहायला लावतो, म्हणून वाचेल, पण नुकतेच स्कॅन करून फोल्डरात टाकलेले दाखले शून्य बाइटचे सापडतील. विंडोजमध्येही डिस्कच्या पॉलिसीत ‘राइट-कॅश बफर फ्लशिंग बंद करा’ असा चौकोन आहे. वेग वाढवण्याच्या व्हिडिओंत त्यावर हमखास टिक मारायला सांगतात. मारू नका.

‘आमच्याकडे इन्व्हर्टर आहे’ हे उत्तर अर्धंच. घरगुती इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असतं. ते साध्या मोडवर राहिलं तर लाइट जाऊन बॅटरी लागेपर्यंतच्या त्या क्षणात कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. ६०० व्हीए चा छोटा यूपीएस वेगळा लावा. मात्र यूएसबीचं तोंड नसलेला यूपीएस मशीनला कळवू शकत नाही, त्यामुळे आपोआप शटडाउनची आशा ठेवू नका. शिट्टी वाजली की माणसानेच बंद करायचं.

तांबडी_माती:
कमिट ५ वरच ठेवतो, ते मान्य. पण एसएसडी आणि रॅम हा हार्डवेअरचा खर्च झाला. सिस्टीम जुळवण्याने काहीच होत नाही, हे चूक आहे. व्हिडिओचंच घ्या. व्हीए-एपीआयचा (लिनक्समध्ये व्हिडिओचं काम ग्राफिक्सकडे सोपवणारी सोय) नवा ‘इंटेल-मीडिया’ ड्रायव्हर पाचव्या पिढीपासून पुढे चालतो. हॅसवेलला जुना ‘आय९६५’ ड्रायव्हर लागतो आणि तो बसलाय की नाही हे बघावं लागतं. यूट्यूब व्हीपी९ स्वरूपात व्हिडिओ पाठवतं, ते या चिपला हार्डवेअरमध्ये नीट झेपत नाही आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो. ब्राउझरमध्ये एच२६४इफाय एक्स्टेंशन (यूट्यूबकडून एच.२६४ स्वरूप मागणारं) घाला, ‘व्हीएइन्फो’ कमांडमध्ये एच.२६४ दिसतंय याची खात्री करा, ब्राउझरचं हार्डवेअर डिकोडिंग चालू आहे ना ते पाहा. १०८०पी व्हिडिओ अडखळत असेल तर एवढ्याने सुरळीत होतो.

झेडरॅमही तसंच. रॅमच्या ५० टक्के, अल्गोरिदम झेडएसटीडी, स्वॉपिनेस (स्वॉपकडे किती वळायचं) १८०, पेज-क्लस्टर (स्वॉपमधून एका वेळी किती वाचायचं) ०. स्वॉपिनेस १० करायचा जुना सल्ला हार्डडिस्कवरच्या स्वॉपसाठी होता. झेडरॅमला तो लावला तर झेडरॅम नुसतं बसून राहतं.

व्हाळाकडचो:
लोकलमॉडकॉन्फिग करतास ता बरा, पण त्या घडयेक जा मॉड्यूल लोड झालेला आसता ताच कर्नलात ऱ्हवता. पावसात फायबर तुटलो काय सगळे मोबायल केबलीन जोडून नेट चालवतत. त्याका ‘आरएनडीआयएस_होस्ट’ लागता. ता नाय तर नेट नाय, आणि नेट नाय म्हणान ता परत घालूकय येणा नाय! वजनकाट्याच्या सिरीयल केबलीक ‘सीएच३४१’ नायतर ‘एफटीडीआय’, प्रिंटराक ‘यूएसबीएलपी’. आदी सगळा जोडून चालवन बघा, मगे कमांड मारा. आणि जुनो कर्नल ग्रबात (बूटच्या मेनूत) ठेवा, पुसू नको.

दुकान_उघडं_आहे:
तुम्ही दोघं लिनक्सवर भांडताय, पण गिऱ्हाईक अंगठा लावायला आलंय. आधारच्या यंत्रांची आरडी सेवा (अंगठ्याचं यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर) मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठी असते, टॅली विंडोजवर. अशा दुकानात विंडोजच जुळवायचं. जुन्या बोर्डांवर साटा बरेचदा डिस्कच्या जुन्या आयडीई मोडमध्ये सापडतो. तो थेट नव्या एएचसीआय मोडवर नेला तर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ची निळी पाटी येते. आधी ‘बीसीडीएडिट’ने सेफबूट मिनिमल लावा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये मोड बदला, सेफ मोडमध्ये एकदा चढू द्या, मग सेफबूट काढा. फॉरमॅट मारायची गरज नाही.

कोणीतरी छाटून दिलेली ‘लाइट’ विंडोज मात्र टाकू नका. त्यात डिफेंडर आणि अपडेट तर उडवलेले असतातच, कधी प्रिंट स्पूलरही गायब असतो.

खाडीकाठ:
सगळं खरं, पण त्या विंडोज १० चं पुढे काय? ईएसयू (मुदतीनंतरचे सुरक्षा अपडेट) घेतलं तरी घरगुती वापराला शेवटची तारीख १३ ऑक्टोबर २०२६. अंगठ्याच्या कामाला एक नवं मशीन घ्या, बाकीची मिंटवर जाऊ देत.

आणि तांबडी_माती, ‘मिटिगेशन्स=ऑफ’बद्दल अजून तुम्ही गप्प आहात. मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले दोष जानेवारी २०१८ मध्ये उघड झाले आणि हॅसवेल दोन्हींच्या तावडीत आहे. जिथे दिवसभर परक्या लोकांचे पेनड्राइव्ह, मेल आणि नेटबँकिंग उघडतं, तिथे हे कवच काढणार?

तांबडी_माती:
जिथे ब्राउझर उघडतो तिथे नाही. काट्याला जोडलेलं, नेट नसलेलं बिलिंगचं मशीन असेल तर मी ऑफच ठेवीन. आणि लोकलमॉडकॉन्फिग सोडत नाही, व्हाळाकडच्यांची यादी मात्र लावून घेतो.

भरती_ओहोटी:
त्या बिलिंगच्या मशीनचा सीआर२०३२ सेलही बदला. सेल संपला की लाइट जाऊन आल्यावर घड्याळ मागच्या सालात जातं, आणि नेट नसल्यामुळे ते आपोआप दुरुस्तही होत नाही. बिलांवर चुकीची तारीख छापली जाते. नेट असलेल्या मशीनवर हीच गोष्ट सर्टिफिकेटच्या चुकीने दिसते आणि लोक ब्राउझरला शिव्या घालत बसतात.