साडेपाच वर्षांच्या मुलीसाठी प्राणी, घरची माणसं आणि गाव असलेली मराठी पुस्तकं सुचवा (बर्फ नको!)

कोथरूडची_आई

नमस्कार मंडळी, लेक साडेपाच वर्षांची आहे, अजून स्वतः वाचत नाही पण रात्री तीन पुस्तकं झाल्याशिवाय झोपतही नाही. सासर सासवडच्या पुढे, अंजीर-सीताफळाच्या पट्ट्यात. दिवाळीत गावी गेलो तर ही गोठ्याच्या दारात उभी राहून सासूबाईंना म्हणते, "आज्जी, ही गाय नाहीये, गाईवर काळे ठिपके असतात." सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं. मग मी पुण्यात आल्यावर घरातली पुस्तकं काढून बसले तर खरंच की, सगळीकडे लाल रंगाचं लाकडी कोठार, पांढरं कुंपण, गुलाबी डुक्कर आणि बर्फ. चूक माझीच, सेलमध्ये गठ्ठ्याने घेतली होती.

परवा म्हटलं मराठी घेऊ, तर जो संच आला तो अनुवाद निघाला. आजी झुलत्या खुर्चीत लोकर विणतीये आणि कोंबडा सकाळी उठून म्हणतो "अरे माझ्या देवा, किती सुंदर दिवस!" आमच्याकडचा कोंबडा असं बोलायला लागला तर दुपारी रस्सा होईल.

तर प्राणी जरा खरे वाटतील असे, घरातली माणसं आपल्या घरातल्यासारखी, आणि गाव म्हणजे नुसती हिरवळ नाही, असं काही आहे का? आणि शेवटी "म्हणून मुलांनो" असलेली नकोत प्लीज.

धनकवडीकर

ताई, पहिली गोष्ट म्हणजे या वयाची पुस्तकं ऑनलाइन घेऊच नका. अप्पा बळवंत चौकात जा, जून सोडून कधीही, जूनमध्ये वह्या-पुस्तकांच्या गर्दीत पाय ठेवायला जागा नसते. दुकानात उभ्या उभ्या दोन पानं मोठ्याने वाचा, लाज वाटली तर पुटपुटत वाचा. जीभ अडखळली की पुस्तक परत ठेवायचं. तुमचा तो कोंबडा पहिल्याच ओळीला पकडला गेला असता.

घरच्या माणसांसाठी माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' घ्या, ज्योत्स्ना प्रकाशनचं. छोट्या राधाच्या घरातली माणसं आहेत, लिहिलंय त्यांनीच आणि चित्रंही त्यांचीच, त्यामुळे मजकूर एकीकडे चित्र दुसरीकडे असं होत नाही. आमच्या पोराने एवढं वाचायला लावलं की बाईंडिंग गेलं, चिकटपट्टीवर चाललंय.

वस्तीवरची_बाई

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते, वर्गात निम्मी मुलं शेतकऱ्यांची, दोन-तीन मेंढपाळांची. चित्राच्या बाबतीत या मुलांएवढा कडक परीक्षक नाही. मागे एक चांगलं गुळगुळीत कागदाचं पुस्तक दाखवत होते, शेतकरी नांगरतोय असं चित्र, तर मागून एक जण म्हणाला "बाई, जू कुठंय?" बघितलं तर खरंच, नांगराचा दोर थेट बैलांच्या शिंगांना बांधलेला. दुसरा म्हणाला "शिंगं उपसून येत्याल की." मग जू कसं मानेवर बसतं, शिवळा म्हणजे जूच्या खुंट्या कुठे घालतात हे सगळं त्यांनीच फळ्यावर काढून दाखवलं, गोष्ट राहिली बाजूला, पण तो तास माझा वर्षातला सगळ्यात चांगला तास झाला.

म्हणून मी आता पुस्तक घेताना एवढंच बघते की चित्रातला प्राणी काही काम करतोय का आणि त्याचं कुणीतरी काही करतंय का. शेण कोण काढतं, पाणी कोण पाजतं, धार कोण काढतं. हे नसलं तर ते गाव नाही, सहलीचं ठिकाण आहे. आणि बैल जर खिलार असेल तर शिंगं लांब, मागे वळलेली पाहिजेत. अंगावर मोठे काळे-पांढरे ठिपके म्हणजे होल्स्टीन, परदेशी जातीची गाय, ती पण आता आपल्या गोठ्यात असतेच की, खोटी नाही, तुमच्या लेकीला एवढं सांगा म्हणजे सासूबाईंपुढे तुमचीही थोडी लाज राहील.

स्वस्तात हवं असेल तर प्रथम बुक्सची बघा, त्यांच्या स्टोरीवीव्हरवर मराठीत फुकट वाचता येतात. पण तिथे अनुवादही खूप आहेत, काही छान, काही तुमच्या कोंबड्याचे भाऊबंद, आधी आपण वाचून मग मुलीला.

निवृत्त_पण_व्यस्त

विंदा करंदीकरांची 'राणीची बाग' अजून कुणी सांगितली नाही याचं नवल वाटलं. त्यातले प्राणी खरे बिरे नाहीत, चक्रम आहेत, पण भाषा अशी की नातू दोन दिवसांत पाठ करून आम्हालाच ऐकवायला लागला. सगळंच खरं पाहिजे हा हट्ट नको असं माझं मत.

जुना 'किशोर' पण बघा. बालभारतीचं मासिक, १९७१ पासून निघतं, जुने अंक त्यांच्या साइटवर आहेत. मुलगी लहान आहे, पण तुम्ही चाळून एखादी गोष्ट तोंडी सांगू शकता.

एक इशारा. कुणीतरी तुम्हाला व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर' सुचवेल, वानरांचं आहे म्हणून. अप्रतिम आहे, पण टोळीचा ताबा घेणारा नर आधीची पिल्लं मारतो हे त्यात आहे कारण वानरांमध्ये ते खरंच होतं. कॉलेजला जाईल तेव्हा द्या.

कोथरूडची_आई

सगळ्यांना थँक्यू! 'राधाचं घर' लिस्टमध्ये. पण एक अडचण आधी सांगितली नव्हती ती सांगते, हसू नका. बोलणाऱ्या प्राण्यांच्या गोष्टी ऐकून ऐकून तिने गावच्या बोकडाला नाव ठेवलंय. आणि चैत्रात जत्रा आहे. यासाठी पुस्तक असतं का?

वस्तीवरची_बाई

नसतं. 😀 शेळीला गरिबाची गाय म्हणतात, दवाखाना, लग्न, बियाणं, काही निघालं की शेळी विकून भागतं आणि बोकड तर त्यासाठीच वाढवतात. माझ्या वर्गातल्या पोरांनीही नावं ठेवलेली असतात, ती रडतात पण आणि जेवतात पण. विचारलं तर खोटं सांगू नका, "दुसऱ्या गावाला गेला" वगैरे, पुढच्या वर्षी ती त्या गावाला जायचं म्हणेल.

धनकवडीकर

+१. आमच्या घरी हाच घोळ झाला होता, मुलगा आठ महिने अंडंसुद्धा खात नव्हता, आता तंदुरीवर आडवा हात मारतो.

रानवाट_७८

पुस्तकं घ्याच, पण पावसाळा संपला की धनगरांची मेंढरं गावोगावच्या रिकाम्या रानात उतरतात, सासवडकडेही दिसतील. मेंढरं, घोड्यावर संसार, घोड्याच्या पाठीवर कोंबड्या आणि कधीकधी एखादं लहान पोर. रात्री वाघर लावून आत मेंढरं कोंडतात, वाघर म्हणजे जाळ्याचं कुंपण. सासऱ्यांना विचारा, खतासाठी रानात मेंढरं बसवत असतील तर एक संध्याकाळ मुलीला घेऊन जा. फक्त कुत्र्यांपासून लांब उभं राहायचं आणि आधी हाक मारायची.

कोथरूडची_आई

अपडेट. शनिवारी चौकात जाऊन आले, पुटपुटत वाचलं, दुकानातल्या काकांनी एकदा "काही हवंय का" विचारलं आणि मग नाद सोडला. 'राधाचं घर' आणि 'राणीची बाग' घेतलं. एक शेताचं चित्रांचं पुस्तक पण घेत होते, बिलापर्यंत गेलं होतं. लेकीने उघडलं, बैलाच्या मानेवर बोट ठेवलं आणि भर दुकानात विचारलं, "आई, जू कुठंय?" (बाई, तुमचा किस्सा तिला सांगितला होता.) परत ठेवलं.

बोकडाचं अजून सांगितलेलं नाही. चैत्राला वेळ आहे.