मेबेरीला परत जायची गरज होती का?

पारावरचा:
काल 'रिटर्न टू मेबेरी' पुन्हा पाहिला. 'द अँडी ग्रिफिथ शो' (सीबीएस वाहिनी, १९६० ते ६८) या अमेरिकी मालिकेतल्या मंडळींना एनबीसी या दुसऱ्या वाहिनीने १९८६ मध्ये गोळा करून काढलेला टीव्ही-सिनेमा. मेबेरी या काल्पनिक गावाचा शेरीफ अँडी, त्याचा पोरगा ओपी आणि डेप्युटी बार्नी, ज्याला गोळी एकच मिळायची आणि तीही खिशात ठेवावी लागायची.

माझं मत, काढायला नको होता. जुन्या मालिकेत जेवणं आटोपली की ही माणसं ओसरीवर बसून निवांत काहीबाही बोलायची. काही घडायचं नाही, तीच मजा होती. इथे तळ्यात राक्षस! बाकी वेळ जो तो येऊन हजेरी लावून जातो.

रॅलेकर:
साफ असहमत. राक्षस सोडा हो, बार्नीचं लग्न बघा. मूळ मालिकेत तो वर्गमित्रांच्या मेळाव्याला परत येतो आणि त्याची जुनी प्रेयसी थेल्मा लू दुसऱ्याशी लग्न करून बसलेली असते. ती रुखरुख लोकांनी वीस वर्षं बाळगली होती. त्या हंगामात सगळ्यात जास्त पाहिला गेलेला टीव्ही-सिनेमा हाच, ते काय उगाच?

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात राहतो. अँडी झालेल्या ग्रिफिथचं गाव माउंट एअरी गाडीने दोन-अडीच तासांवर. थेल्मा लू झालेल्या बेटी लिन उतारवयात तिथेच राहायला आल्या होत्या. आता बोला!

तिरपा डोळा:
गर्दी जमली म्हणजे सिनेमा चांगला? मग सीबीएसनेच १९८१ मध्ये काढलेला 'बेव्हर्ली हिलबिलीज' या गावरान कुटुंबाच्या विनोदी मालिकेचा पुनर्मिलनपट बघा. ग्रॅनी झालेल्या आयरीन रायन १९७३ मध्येच गेल्या होत्या, जेथ्रोच्या जागी दुसराच नट, आणि गोष्ट काय, तर ग्रॅनीच्या हातभट्टीतून सरकारला इंधन हवंय. रिकाम्या घरात पाहुणे बोलावल्यासारखं.

मेबेरीतही तेच. अँडीची आत्या आंट बी झालेल्या फ्रान्सिस बेव्हियर आल्या नाहीत, म्हणून अँडी तिच्या कबरीपाशी उभा. बाई तेव्हा नॉर्थ कॅरोलायनातच सायलर सिटीत हयात होत्या! मला ते बघवेना.

रॅलेकर:
त्यांनी यायचं नाही ठरवलं, त्याला लेखक काय करणार? गेलेल्या माणसाची आठवण न काढता गावात परतणं जास्त खोटं वाटलं असतं. माझ्या मते सिनेमातली सगळ्यात शांत जागा तीच.

आणि १९७१ चं विसरू नका. जाहिरातदारांना शहरी, तरुण प्रेक्षक हवा म्हणून सीबीएसने एकामागून एक गावाकडच्या मालिका बंद केल्या. याच मालिकेचा पुढचा अवतार 'मेबेरी आर.एफ.डी.'सुद्धा, लोक बघत असताना. एक मेळावा देणं लागत होतेच.

पारावरचा:
देणं लागत होतं सीबीएस, फेडलं एनबीसीने. त्यात गावही मूळचं नाही. जुना सेट पाडला गेलेला, म्हणून कॅलिफोर्नियातलं लॉस ऑलिव्होस मेबेरी म्हणून उभं केलं.

लग्नाच्या प्रसंगाला मीही डोळे पुसले, कबूल. राक्षस मात्र मी विसरणार नाही.